चवीपुरतं मीठ

मला घरात सगळे मिरची म्हणतात. हे नाव ठेवलं भावोजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. मी तेव्हा शाळेत जात होते आणि राग तेव्हाही नाकावरच असायचा. पुढे मी बायकांचे कपडे शिवायचं दुकान टाकलं, सगळा जन्म कात्री आणि टेप यांच्यात गेला, पण नाव काही सुटलं नाही. भाचाही मला मिरची मावशी म्हणतो, आणि आता त्याची बायको, आमची सूनबाई, तीसुद्धा हळूच म्हणते. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

ताई गेली आणि भावोजींनी जेवण टाकलं. रुसून नाही, हट्टानं नाही. ताटावर बसायचे, दोन घास खायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. खुर्चीत बसले की शर्ट त्यांच्या अंगात नव्हे, ते शर्टात आहेत असं वाटायचं. मी स्वतः त्यांचे दोन शर्ट बाजूंनी शिवण मारून लहान केले आणि थोड्या दिवसांनी तेही लोंबायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या तपासणीनंतर दवाखान्यात ठेवून घेऊ, नाकातून नळी घालावी लागेल. आम्ही सगळे डॉक्टरांना प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटलो. भावोजी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, जसं काही शेजारच्या पेशंटबद्दल चाललंय.

म्हणून आम्ही सगळे ताईच्या घरात गोळा झालो. भाचा आणि सूनबाई शहराच्या दुसऱ्या टोकाचं भाड्याचं घर सोडून आले, मी दुकानाला कुलूप लावून आले. स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. कुणी दिलं नव्हतं, घेतलं. ताईच्या हाताची चव कुणाला येणार असेल तर ती मलाच, एका आईच्या हाताखाली शिकलो आम्ही. असं मला वाटत होतं.

ताईची स्वयंपाकाची पुस्तकं फ्रिजवरच्या फळीवर उभी असायची. पाच-सहा होती, पण खरं चालणारं एकच, सगळ्यात जाडं. त्याचा कणा निखळला होता, तो मीच कधीतरी जाड कापड लावून शिवून दिला होता. पुस्तक ओट्यावर ठेवलं की आपोआप वाटाण्याच्या सुपाच्या पानावर उघडायचं. त्या पानाला तेलाचे डाग, कांद्याचं एक सुकलेलं साल, आणि समासात ताईचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. "कांदा दुप्पट." "वाटाणे रात्री भिजवणे, पुस्तकात खोटं लिहिलंय." असं पानापानावर. ताई पुस्तकाशी भांडत स्वयंपाक करायची.

तर सूनबाईनं काय करावं? तिनं लॅपटॉप आणून त्या पुस्तकाशेजारी ठेवला.

ती कॉम्प्युटरचंच काम करते. दिवसभर कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या गोदामातला माल कॉम्प्युटरमध्ये नीट लावून देते. म्हणाली, "मावशी, आईंची सगळी पुस्तकं मी उतरवून घेते. समासातल्या दुरुस्त्यांसकट. म्हणजे रोज काय केलं, बाबांनी किती खाल्लं, सगळं नोंदवता येईल. मग कळेल ना आपल्याला, कशात चुकतंय ते."

"चुकतंय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझं चुकतंय?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालीस? अगं, जेवण म्हणजे तुझं गोदाम आहे का, कपाट नंबर चार, खण नंबर दोन?"

तिची ही एक वाईट खोड आहे, ती भांडतच नाही. गप्प राहून टाइप करत बसते. संध्याकाळपर्यंत वाटाण्याचं सूप लॅपटॉपमध्ये गेलं होतं, कांदा दुप्पट करून. आणि खरं सांगायचं तर मला मनातून आवडलं. ताईच्या दुरुस्त्या तिनं वेगळ्या रंगात ठेवल्या होत्या. पुस्तक काय म्हणतं ते काळ्यात आणि ताई काय म्हणते ते हिरव्यात. मी तोंडानं मात्र "हं" एवढंच म्हटलं.

घोडं पेंड खायला लागलं ते मिठापाशी.

तिनं बनवलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना होता आणि त्यात आकडा घातल्याशिवाय तो पुढे सरकायचाच नाही. वाटाणे इतके ग्रॅम, लोणी इतकं, पाणी इतकं. आणि पुस्तकात मिठापुढे काय असणार? जे सगळ्या पुस्तकांत असतं तेच. चवीपुरतं. ताईनं सगळ्या पानांवर पेन्सिल चालवली होती, पण या शब्दाला तिनं कुठेही हात लावला नव्हता.

"मावशी, चवीपुरतं म्हणजे किती धरू?"

"चवीपुरतं म्हणजे चवीपुरतं! त्यात धरायचं काय?"

"पण कुणाच्या चवीपुरतं?"

"माणसाच्या," मी म्हटलं. "तुझ्या या पेटीला जीभ नाही, तिला काय समजणार."

त्यावर ती पहिल्यांदा हसली. "मावशी, दुकानात कुणी 'थोडं सैल ठेवा' म्हणालं तर तुम्ही काय विचारता?"

मी काय विचारते ते सगळ्या गावाला माहीत आहे. थोडं म्हणजे किती बोटं, हातानं दाखवा, असं मी गिऱ्हाइकाला दमात घेते. मग ती वजनकाटा घेऊन आली, मी नेहमीसारखं तळहातावर मीठ घेतलं आणि पातेल्यात टाकायच्या आधी तिच्या काट्यावर टाकलं. नऊ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा नऊ. तेव्हा मात्र मी मान ताठ करून तिच्याकडे बघितलं, आणि तिनंही कौतुकानं डोळे मोठे केले. नऊ हा आकडा रकान्यात गेला.

भावोजींनी दोन चमचे घेतले. "छान झालंय," म्हणाले.

मग आम्ही दोघी हट्टाला पेटलो. बटाटे भाजून झाले, कांद्याचं सूप झालं, गाजरं, मसूर, अंड्याचे सगळे प्रकार झाले. ताईच्या हिरव्या ओळी आम्ही अक्षर न् अक्षर पाळल्या. सूनबाई रोज रात्री नोंद करायची, बाबा, दोन चमचे. बाबा, अर्धा तुकडा. एकदा तर तिच्या डोक्यातून कल्पना निघाली आणि आम्ही एकाच सुपाचे छोटे छोटे वाडगे करून प्रत्येकात मीठ वाढवत नेलं, खाली चिठ्ठ्या लावल्या, आणि सगळे ओळीनं त्यांच्यापुढे मांडले. बिचारे प्रत्येक वाडग्यातला एक एक चमचा चाखत गेले. परीक्षेला बसवल्यासारखे.

"कुठलं चांगलं आहे, बाबा?"

"सगळीच छान आहेत गं."

मला रडूच आलं. मी रडले नाही, वाडगे आपटून घासले.

भाच्याला विचारलं, "अरे, तुझ्या आईच्या सुपात काय असायचं? आठव ना." तो म्हणाला, "मावशी, मी रविवारी यायचो ते थेट ताटावर बसायचो. आत काय चालायचं ते मला काय माहीत." खरंच आहे. मीही पाहुणीसारखीच यायचे की. ताई मला आत पाऊल टाकू द्यायची नाही, "तू बाहेर बस आणि गप्पा मार" म्हणायची. मी बाहेर बसून भावोजींची थट्टा करायचे. हा माणूस घटकाभर जागेवर बसेल तर शपथ, सारखा उठून पाणी प्यायला आत. "अहो, साखर तपासून घ्या," मी म्हणायचे, "इतकी तहान बरी नव्हे." ते हसायचे आणि ओठ पुसत बाहेर यायचे.

तपासणीच्या आदल्या दिवशी कामावर जाताना भाच्यानं त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली. दवाखान्यात ठेवून घेतलंच तर पुन्हा धावपळ नको म्हणून. ती बॅग बघून माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, आज वाटाण्याचं सूप, शेवटचं, आणि आज मी त्या लॅपटॉपकडे बघणारसुद्धा नाही.

वाटाणे शिजले, घोटून झाले, कांदा लोण्यात परतून आत गेला. सूनबाई शेजारी उभी.

"मावशी, नऊ?"

"नऊ नाही, दहा नाही. आज मी हातानं टाकणार, न मोजता."

"तुम्ही न मोजता टाकता तेही नऊच असतं."

"मग आज वेगळं टाकीन!"

"म्हणजे जास्त? की कमी? मावशी, नोंदी बघा ना एकदा. कमी-जास्त सगळं करून झालंय आपलं. काडीचा फरक पडलेला नाही. मिठात नाहीच आहे ते."

"मग कशात आहे? सांग ना, तुझ्या पेटीला विचारून सांग! माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललाय आणि तू मला नोंदी दाखवतेस?"

"मीही रोज बघतेच आहे, मावशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला दुसरं काय येतं? तुम्हाला हातात पळी घेता येते. मला एवढंच येतं."

असं ती कधी बोलली नव्हती. मला सुचलं नाही की मी ओरडते. मी मिठाची बरणी ओट्यावर आदळली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अहो भावोजी! या इकडे, आणि तुम्हीच टाका काय ते मीठ!"

रागानं बोलले होते मी. कुणी यावं म्हणून नाही.

बाहेर खुर्ची करकरली. आणि भावोजी आले.

आले ते थेट बेसिनपाशी गेले. साबण लावून हात धुतले, नीट, बोटांच्या बेचक्यांसकट. ताई टॉवेल जिथे अडकवायची तिथे हात गेला, तिथे आता टॉवेल नव्हता, मी जागा बदलली होती. त्यांनी हात शर्टालाच पुसले. बरणीतलं मीठ तळहातावर घेतलं, पातेल्यावर हात उंच धरून फिरवत सोडलं, पळीनं तळापासून ढवळलं. लाकडी चमच्यानं थोडं घेऊन फुंकर घातली, चाखलं. पुन्हा एक चिमूट. पुन्हा चाखलं. आणि डाव्या बाजूला वळून त्यांनी मान हलवली, "झालं" म्हणून. डाव्या बाजूला कुणी नव्हतं. मी आणि सूनबाई उजवीकडे होतो.

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"भावोजी," मी म्हटलं, "हे काय?"

"तुझ्या ताईला चव कळत नव्हती, मिरची," ते म्हणाले. "तो मोठा ताप आला होता ना तिला, त्यात गेली. वासही गेला. आज येईल उद्या येईल म्हणून वाट बघितली, पण दोन वर्षं झाली, आलीच नाही. बाकी सगळं ती सवयीनं करायची, हातच जायचे तिचे. मिठापाशी मात्र अडायची. मग हाक मारायची, 'अहो, या.' की मी यायचो."

"आणि आम्ही आलो की?"

"पाणी प्यायला यायचो," ते म्हणाले.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. दोन वर्षं मी त्या ताटावर बसून म्हटलं होतं, ताई, तुझ्या हाताला काय चव आहे गं! आणि ती हसली होती. समोर बसून स्वतः जेवत होती आणि तिला त्यातलं काही लागत नव्हतं. आणि मला, सख्ख्या बहिणीला, एका शब्दानं सांगितलं नाही. मला तिचा इतका राग आला, आणि ती नव्हती.

"मला का नाही सांगितलं?"

"कुणालाच सांगायचं नव्हतं. तुला तर मुळीच नाही. म्हणायची, मिरचीला कळलं तर उद्या बॅग घेऊन येईल आणि माझं स्वयंपाकघर ताब्यात घेईल." ते बोलता बोलता किंचित हसले. मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण अगदी तेच मी केलं असतं. केलंच होतं.

सूनबाईनं हळूच विचारलं, "बाबा, मग आमचं जेवण… त्यात मीठ चुकत होतं का?"

"नाही गं. तुमचं सगळं बरोबर असायचं." ते पातेल्याकडे बघत होते. "मला स्वयंपाकाचा वास यायचा. वाटायचं, आता हाक येईल. मी तयारीत बसायचो. आणि तुम्ही ताटच घेऊन यायचात. ताट आलं की कळायचं, आता हाक यायची नाही. मग घास उतरायचा नाही. मी खायचा प्रयत्न करत होतो. खरंच करत होतो."

सूनबाईनं गॅस बंद केला. नंतर मीच म्हटलं, "चला, निवेल," आणि वाडगे काढले.

भाचा कामावरून आला तेव्हा आम्ही टेबलावर होतो. त्यानं दाराशी ठेवलेली बॅग बघितली, मग वडिलांच्या हातातला चमचा बघितला, आणि काही न विचारता बसला. भावोजी खात होते. सावकाश, पावाचा तुकडा बुडवून, पण खात होते. एक वाडगा संपला. सूनबाईनं दुसरा भरला तर त्यांनी हात आडवा केला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आता सुपाबद्दल. सूप भयंकर खारट झालं होतं. इतक्या महिन्यांत हात नव्हता ना त्यांचा. भाच्यानं पहिला चमचा तोंडात घातला आणि त्याचे डोळे गोल झाले. मी टेबलाखालून त्याला अशी लाथ मारली की तो मुकाट्यानं दुसरा चमचा घ्यायला लागला. सूनबाई मान खाली घालून पाव खात होती, सुपापेक्षा पावच जास्त.

भावोजी थांबले. "मिरची," ते म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस. खरं सांग, खारट झालंय ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाचा तर डोळ्यांनी विनवत होता, मावशी, आज नको. पण मला दिसत होतं, हा माणूस मला का विचारतोय. दोन वर्षं त्यांनी एका बाईला रोज खरं सांगितलं होतं. आता त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

"झालंय," मी म्हटलं. "समुद्र झालाय नुसता. तिसरा पेला पाण्याचा पितेय मी. उद्या कमी टाका."

मग त्यांनी पावाचा तुकडा उचलला.

"उद्या कमी टाकतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तपासणीत वजन तितकंच भरलं. एका जेवणानं ते कशाला वाढतंय? डॉक्टर दवाखान्यात ठेवून घ्यायचंच म्हणत होते. सूनबाईनं त्यांना फक्त आदल्या दिवशीची नोंद दाखवली, बाबा, दोन वाडगे. त्यांनी ती दोनदा वाचली आणि आणखी एक आठवडा दिला. बॅग आम्ही परत आणली.

घरी आल्यावर सूनबाई लॅपटॉप घेऊन बसली. त्या रकान्यात आकडाच लागतो, अक्षरं चालत नाहीत, हे मला माहीत होतं. मी मुद्दाम विचारलं, "का गं, किती ग्रॅम घातलंस?"

"तो रकानाच बदलतेय," ती म्हणाली.

मी मसूर शिजत टाकले. ते जाडं पुस्तकही काढून उघडं ठेवलं, उगीचच, सोबतीला. शेजारी लॅपटॉप. पुस्तकात होतं, मीठ चवीपुरतं. लॅपटॉपवर मसूर, कांदा, लसूण, पाणी, आकड्यांची ओळ खाली खाली येत होती, आणि मिठापुढे तिनं ताईच्या हिरव्या रंगात लिहिलं होतं, "बाबांना हाक मारणे."

मी म्हटलं, "आणि कधी बाबा नसले तर?"

"तेव्हा मला चाखायला शिकवलं असेल त्यांनी," ती म्हणाली. "तुम्हालाही."

मला चाखायला शिकवणार म्हणे. मी तिला चांगलं सुनावणार होते, पण मसुरांना उकळी आली. आता हाक मारायची. जन्मभर ओरडत आलेली बाई मी, आणि ऐन वेळी हाक मारायची सोडून धुतलेली पळीच पुन्हा धुवायला घेतली. सूनबाई नुसती उभी होती. तिनंही हाक मारली नाही, माझ्यासाठी थांबली.

मी टॉवेल काढून ताईच्या जुन्या जागेवर अडकवला. मग बाहेरच्या खोलीकडे तोंड केलं.

"अहो भावोजी, या!"

"आलो, आलो," बाहेरून आवाज आला.